बायपॅप लावूनही सकाळी डोकं जड : सीओपीडी, सेटिंग पाहून सांगा

लष्करवाला, ग्वाल्हेर:
वडील, वय 68, वजन 54 किलो, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार). डिस्चार्जच्या वेळी एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी): पीएच 7.37, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) 61. रात्री बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) एस/टी मोडवर (रुग्णाच्या श्वासाला साथ, तो थांबला तर ठरलेल्या रेटनं श्वास), आयपॅप (श्वास आत घेतानाचा दाब) 14, ईपॅप (बाहेर सोडतानाचा दाब) 6, रेट (मिनिटाला किमान श्वास) 12, टीआय मॅक्स (आत घेण्याची कमाल वेळ) 2.0 सेकंद, ऑक्सिजन 3 लिटर, फुल फेस मास्क. ऑक्सिमीटर 96-97, लीक (मास्कमधून निसटणारी हवा) 40 च्या वर. सकाळी डोकं जड असतं, मशीनच्या नळीत पाणी गुडगुडतं. ऑक्सिजन वाढवावा का?

श्वासमित्र (रेस्पिरेटरी थेरपिस्ट):
अजिबात नाही, उलट कमी लागेल. यांना ऑक्सिमीटरवर 88 ते 92 पुरे. 96 म्हणजे जास्तीचा ऑक्सिजन, त्यानं सीओटू चढतो.

पण आधी लीक. श्वास आत घेण्याचा वेग ठराविक टक्क्यांवर उतरला की मशीन आयपॅप सोडतं. मास्कमधून हवा निसटत असेल तर तो वेग उतरतच नाही, मग मशीन टीआय मॅक्सपर्यंत दाबून धरतं. तुमच्याकडे ते 2 सेकंद आहे. मिनिटाला 15 श्वास धरा: एक चक्र 4 सेकंदांचं, त्यातले 2 आत घेण्यात गेले तर अरुंद श्वासनळ्यांतून हवा बाहेर पडायला उरतात 2. तेवढ्यात छाती रिकामी होत नाही आणि पुढचा श्वास मशीनला कळतच नाही. पोट हलतंय पण मशीन हवा देत नाही, असं दिसलं तर हेच समजा. टीआय मॅक्स 1.0 ते 1.2 आणि सायकल (वेग किती टक्क्यांवर उतरला की आयपॅप सोडायचा ते) 40 टक्क्यांच्या आसपास, असं डॉक्टरांशी बोला.

मास्कचे पट्टे आवळू नका. आधी मशीन चालू करा, आडवं झोपवून मास्क उचलून परत बसवा, मग पट्टे समान ओढा. कवळी काढल्यानं गाल आत जातात आणि तिथूनच हवा निसटते. मास्कची बारीक भोकं टेपनं कधीही बंद करू नका, सीओटू बाहेर जातो तो तिथूनच. काही मशीन या भोकांची हवा धरूनच लीक दाखवतात, म्हणून 40 चा अर्थ मॅन्युअलमध्ये बघा.

एबीजी_वाचक:
वरच्याला जोड. खरा आधार आयपॅप वजा ईपॅप, म्हणजे तुमचा फक्त 8. सीओटू 61 ला तो तोकडाच. आयपॅप 2-2 नं चढवत 20 किंवा वर नेतात, ईपॅप 4-5 (सोबत स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, असेल तर जास्त), रेट 14-16. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आयपॅप वाढला की मशीनची हवा वाढते आणि तोच 3 लिटर पातळ होतो; त्यामुळे ऑक्सिजन आज कमी केला तरी प्रत्येक बदलानंतर रात्रभर ऑक्सिमीटर लावून परत बघा. पोट फुगत असेल तर चढवणं सावकाश.

लष्करवाला:
आणि नळीतलं पाणी?

श्वासमित्र:
जानेवारीतल्या ग्वाल्हेरच्या थंडीत ते होणारच. ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) एक पायरी खाली करा, नळी रजईखालून न्या, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी मागे वाहील. टाकीत डिस्टिल्ड पाणीच. ऑक्सिजन मशीननंतर सुरू, मशीनआधी बंद. मशीन इन्व्हर्टरवर घ्या आणि कॉन्सन्ट्रेटरचाही (ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचाही) भार मोजा, नाहीतर वीज गेली की दोन्ही एकदम बंद.

एबीजी_वाचक:
आणखी एक. हाक मारूनही नीट जागे होत नसतील किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सेटिंगशी खेळत बसू नका. मास्क तसाच ठेवून थेट इमर्जन्सीत न्या, एबीजी तिथेच होईल.