फ्री थ्रो चुकला की भाऊ आधी बेंचकडे बघतो. काय करावं?

अनगोळची ताई

माझा धाकटा भाऊ बास्केटबॉल खेळतो. वय १९, उंची सहा फूट तीन इंच. बाबा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. शिफ्ट सुटली की ग्राउंडवर थांबून त्याचा खेळ बघतात, मगच घरी येतात. एकटा असला की भाऊ सकाळी साडेपाचला पंचवीसपैकी वीस-एकवीस फ्री थ्रो (फाउल झाल्यावर लाइनवरून मिळतात ते मोकळे शॉट) घालतो. मी स्वतः उभं राहून मोजलेत. पावसाळ्यात सिमेंटचं कोर्ट निसरडं होतं, तर पोत्यानं पुसून काढतो आणि खेळतो.

मॅचमध्ये मात्र दुसराच कुणी मुलगा खेळतोय असं वाटतं. मागच्या महिन्यातली मॅच मी मोबाईलवर घेतली होती. परवा रात्री ती हळू करून बघितली. पहिला फ्री थ्रो रिंगला लागून बाहेर आला. बॉल अजून जमिनीला टेकलेला नाही, तोवर याची मान बेंचकडे वळलेली. सरांचा चेहरा बघायला. दुसरा थ्रो रिंगपर्यंतही पोचला नाही. पुढची सात मिनिटं तो नुसता पास देत होता. रिंगखाली एकटा सापडला तरी पासच. त्याचे आधीचे एक कोच चूक झाली की सगळ्यांसमोर "एवढा वाढलास कशाला?" म्हणायचे. त्यांच्याकडे जाणं सोडून दोन वर्षं झाली, पण मान अजून वळते.

पुढच्या महिन्यात बेंगळूरला स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीची ट्रायल आहे. जो तो "मन घट्ट कर" सांगतो. घट्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणीतरी सांगा.

निपाणीकर

ताई, अशाच एका ट्रायलमध्ये माझा खेळ संपला, म्हणून सविस्तर लिहितो.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून बेंगळूर गाठलं होतं. मराठी शाळेत शिकलेलो, कन्नड तोडकंमोडकं. पहिल्या दहा मिनिटांत एक अगदी सोपा ले-अप (पळत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) सुटला. कडेला दोन पोरं कन्नडमध्ये काहीतरी बोलून हसली. मला वाटलं, मलाच हसतायत. त्यानंतर दिवसभर मी कोर्टवर होतो, पण खेळत होतो तो तोच सुटलेला ले-अप. एकही शॉट मनापासून मारला नाही. रात्री जेवताना त्यातलाच एक शेजारी बसला, तेव्हा कळलं की ती पोरं मेसच्या पातळ सांबाराला हसत होती. तोवर यादी लागली होती. माझं नाव नव्हतं.

हे मोठ्या खेळाडूंनाही चुकलेलं नाही. ऑर्लँडो मॅजिकचा निक अँडरसन. अमेरिकेतल्या एनबीए लीगची १९९५ ची फायनल, तिची पहिली मॅच, संघ तीन गुणांनी पुढे, शेवटची काही सेकंदं. त्याचे लागोपाठ चार फ्री थ्रो चुकले. समोरच्या ह्यूस्टननं बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये मॅच घेतली आणि पुढे फायनलही ४-० अशी. त्या सीझनला त्याचे १०० पैकी ७० फ्री थ्रो पडत होते. १९९६-९७ मध्ये ४० वर आले. हात तेच होते हो.

आता करायचं काय. रेफरीनं बॉल दिल्यापासून पाच सेकंद मिळतात. त्या पाच सेकंदांत काय करायचं ते आजच ठरवून टाका: बॉलचे जमिनीवर तीन टप्पे, एक श्वास, नजर रिंगच्या पुढच्या कडेवर, सोडला. आणि तुमच्या भावासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बॉल जमिनीला लागेपर्यंत नजर बॉलवरून हलवायची नाही. "बेंचकडे बघू नको" असं सांगू नका, तेच डोक्यात बसेल. डोळ्यांना दुसरं काम द्या.

दुसरं, एकट्यानं पंचवीस मारणं कमी करा. मॅचमध्ये सलग पंचवीस कोण देतो? दोन मिळतात, तेही धाप लागलेली असताना. कोर्टच्या चार फेऱ्या पळवा, मग दोनच थ्रो, परत फेऱ्या. आणि बेंचवर माणसं बसवा. आत्ताच्या सरांना भेटून विनंती करा की थ्रो चुकला तर टाइम-आउटपर्यंत हात-तोंड काही हलवू नका. चांगले सर असतील तर ऐकतील.

टिळकवाडीतली फिजिओ

वरचं सगळं पटतं. पण ताई, आधी खांदा आणि मान दाखवून घ्या. मार्केल फुल्ट्झ २०१७ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि काही महिन्यांत त्याचा शॉट पार बिघडला. हा मानसिक प्रॉब्लेम आहे असं कितीतरी जण छातीठोकपणे सांगत होते. डिसेंबर २०१८ मध्ये निदान झालं ते थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं. त्यात मान आणि खांद्याच्या मधल्या जागेत नसा दाबल्या जातात. पोरं दुखणं लपवतात, ट्रायल जवळ आली की जास्तच.

चिकोडीचे पीटी सर

एनबीएतला जुना दिग्गज विल्ट चेंबरलेन, त्याचं सांगतो. फ्री थ्रो ही त्याची कायमची दुखरी जागा. १९६१-६२ च्या सीझनला तो दोन्ही हातांनी खालून बॉल सोडायला लागला आणि कारकिर्दीतली सर्वांत चांगली टक्केवारी आली, ६१. २ मार्च १९६२ ला एका मॅचमध्ये १०० गुण केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो. तरी पुढे ती पद्धत त्यानं सोडली. तसं मारताना आपण बायकी दिसतो असं वाटायचं, हे त्यानंच नंतर कबूल केलं. १९६७-६८ ला ३८ टक्के. एवढा बलदंड माणूस, पण लोक काय म्हणतील यापुढे नमला. तुमच्या भावाला हे जरूर सांगा. त्याला बरं वाटेल.

अनगोळची ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्याला व्हिडिओ दाखवला. तीनदा बघितला आणि म्हणाला, "असं बघायलोय होय मी?" त्याला खरंच माहीत नव्हतं. खांदा दुखत नाही म्हणतो, तरी शनिवारी नेते.

आज सकाळी बाबांना बेंचवर बसवलं, शेजारी मी. फेऱ्या मारून दोन-दोन असे बारा थ्रो, आठ पडले. चुकलेल्या चारांपैकी तिनांना नजर बॉलवरच राहिली. चौथ्याला मान वळली. पण बाबा तेवढ्यात चपलेचा पट्टा लावायला खाली वाकले होते, त्यामुळे त्याला त्यांचा चेहरा दिसलाच नाही. तो परत लाइनवर जाऊन उभा राहिला.