मिश्र घरातल्या पोरांना फॉस्टर घर देताना 'सारखी संस्कृती' बघायची का नाही? मतं सांगा

रंकाळावेस
आधीच सांगतो पोस्ट मोठी हाय. फॉस्टर केअर म्हणजे सरकारी मराठीत प्रतिपालकत्व, दत्तक नव्हे. आई-बाप आहेत पण सांभाळू शकत नाहीत, किंवा कोणीच नाही आणि वय वाढल्यामुळं दत्तक कोण घेत नाही, अशी साधारण सहा वर्षांवरची पोरं बालगृहात वाढण्यापेक्षा एखाद्या घरात वाढावीत म्हणून २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ आहे. घराची चौकशी होते, बाल कल्याण समिती ऑर्डर काढते, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतनं मुलामागं महिन्याला ४००० रुपये देण्याची तरतूद आहे. २०२४ च्या गाईडलाईनमध्ये तर एकट्या माणसालाही मूल ठेवता येतं आणि दोन वर्षं नीट गेली की दत्तकाचाही रस्ता उघडतो, आधी पाच वर्षं थांबायला लागायचं. इथपर्यंत भारी.

आता गोम अशी की घर निवडताना शक्यतो मुलाच्या समाजाशी, भाषेशी जुळणारं घर बघायचं असा दंडक आहे. कागदावर चांगलं दिसतं. पण ज्या पोराची आई ओडिशाची आणि बाप शिरोळकडचा, दोघांनी पळून लग्न केलेलं, दोन्हीकडच्यांनी तेव्हाच दार लावून घेतलेलं, आता आई नाही आणि बाप दारूत, त्याला जुळणारं घर कुठनं आणायचं? अर्धं ओडिया अर्धं मराठी घर राजारामपुरीत भाड्यानं मिळतंय का? माझ्या ओळखीतलं एक जोडपं असल्या पोराला घरी न्यायला तयार होतं, बोलणी महिनोन्महिने चालली, पोरगं अजून संस्थेतच. माझं म्हणणं एवढंच, मिश्र पोरांच्या बाबतीत ही भानगडच काढून टाका. चांगलं घर दिसलं की द्या.

पेठेतला
शंभर टक्के. आणि हे शाहूंच्या कोल्हापुरात बोलायला लागतंय हीच लाजेची गोष्ट. महाराज स्वतः कागलच्या घाटग्यांचे, १८८४ ला दत्तक आले आणि राजर्षी झाले. १९१९ ला आंतरजातीय लग्नाचा कायदा केला या माणसानं. आणि आपण अजून पोराची कुंडली जुळवत बसलोय.

सदरबाजारवाली
महाराजांना मध्ये आणताय तर पूर्ण आणा की. १८८४ चं दत्तक गादीला वारस पाहिजे म्हणून झालं, पोराला घर पाहिजे म्हणून नव्हे, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि त्याच महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वेगवेगळी बोर्डिंगं काढली, तेव्हा अस्पृश्य म्हणायचे त्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं. का काढली? खेड्यातलं पोरगं शहरात आलं की ज्या ताटात जेवायची सवय तसं ताट, ज्या भाषेत रडता येतं ती भाषा, आणि आपल्यातलं कोणीतरी मोठं माणूस जवळ असलं की ते टिकतं, शिकतं. मग त्यांनी जात मानली असं म्हणायचं का?

मी मुलांबरोबर काम करते म्हणून सांगते. अट काढून टाकली तर संस्कृतीचा प्रश्न संपत नाही, तो फक्त घरवाल्यांच्या हातात जातो. मग घरवाले ठरवणार की पोरानं आजपासून आमच्यासारखं व्हायचं. नाव बदला, देव बदला, आधीचा विषय काढायचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की घराबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या धर्म, संस्कृती, भाषेचं सातत्य बघायचं, आपण १९९२ ला त्यावर सही केलीय. मिश्र पोराच्या दोन बाजू आहेत म्हणजे गरज दुप्पट झाली, तुम्ही तर ती शून्य करायला निघालाय.

भावा_थांब
ताई दुप्पट घर कुठनं आणायचं तेच तर तो विचारतोय ना. एकच मिळंना झालंय.

पेठेतला
हेच म्हणतो. घर म्हणजे काय मॅरेज ब्यूरो आहे का, ९६ कुळी, उंची अमुक.

इचलकरंजीची_काकू
सगळं वाचलं. आमच्याकडं एक मुलगा आहे फॉस्टरमध्ये, जास्त ओळख सांगत नाही. त्याची आई पण ओडिशाचीच होती, यंत्रमागावर काम करायची, आमच्या इचलकरंजीत बिहार-ओडिशा-यूपी कुठली कुठली माणसं कामाला असतात, त्यामुळं अशी घरं काय नवीन नाहीत. तर हे पोरगं रात्री जेवणं झाली की उरलेला भात एका डब्यात घालायचं, वर पाणी ओतायचं आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचं. सासूबाईंचा लगेच आरडाओरडा, संस्थेतनं आलेलं पोरगं अन्न लपवून ठेवतंय, चोरटी सवय आहे, सांगा त्या मॅडमना. मी त्याला बसवून विचारलं तर म्हणाला पखाळ. रात्रीचा भात पाण्यात आंबवायचा, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, जमलं तर भाजलेलं वांगं. उन्हाळ्यात त्याची आई रोज हेच करून पहिल्या पाळीला जायची. आता एप्रिल-मेमध्ये आमच्यात पण होतं, सासूबाई अजून नाक मुरडतात पण डबा हलवत नाहीत.

मला ओडिया येत नाही, येणार पण नाही या वयात. पण गल्लीच्या टोकाला एक ओडिया कुटुंब आहे, रविवारी तिकडं जातो तो. अट काढा म्हणणाऱ्यांना पण माझा विरोध आणि तंतोतंत जुळणारं घर शोधा म्हणणाऱ्यांना पण. घर कुठलंही चालतं, पण घेताना माणसाला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं ना की पोरगं काय खाऊन वाढलंय, कुठली भाषा कळते, कुठला सण करायचं. आम्हाला दिलेल्या कागदात वजन, उंची, लसीकरण सगळं होतं, हे एक सोडून.

सदरबाजारवाली
@इचलकरंजीची_काकू हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही डब्यातनं दाखवलंत. पण सगळ्या घरात तुमच्यासारखं विचारणारं माणूस नसतं, सासूबाईंसारखी जास्त असतात, म्हणून नियम लागतो.

लेस्टरकर
मूळचा कसबा बावड्याचा, इंग्लंडमध्ये बरीच वर्षं झाली. इथं हा वाद आपल्या आधीपासून चाललाय म्हणून लिहितो. इथं १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्येच आहे की सरकारी सांभाळातल्या मुलाबद्दल ठरवताना त्याचा धर्म, वंश, संस्कृती, भाषा विचारात घ्यायची. मग झालं असं की दत्तकासाठी जुळणारं घर शोधता शोधता काळी आणि मिश्र वंशाची पोरं गोऱ्या पोरांपेक्षा जास्त काळ लटकायला लागली, शेवटी २०१४ ला इंग्लंडमध्ये दत्तकापुरती ती सक्ती काढली. फॉस्टरसाठी मात्र तो विचार अजून आहे. रंकाळावेस म्हणतोय ते पण इथं घडलंय आणि ताई म्हणतात ते पण.

इथल्या जनगणनेत २००१ पासून 'मिक्स्ड' असा वेगळा रकाना आहे त्यामुळं निदान आकडा तरी दिसतो, आणि लोकसंख्येत जेवढी मिश्र पोरं आहेत त्यापेक्षा सांभाळातलं त्यांचं प्रमाण जास्त आहे हे सरकारी आकड्यांतच आहे. आमच्या शेजारची गोरी बाई फॉस्टर करते, तिच्याकडं जमैकन बाप आणि इंग्लिश आई असलेली मुलगी होती. पोरीचे केस दाट कुरळे, बाईनं आपल्या केसांसारखे रोज शाम्पूनं धुतले तर कोरडे पडून तुटायला लागले. मग सोशल वर्करनं तिला कॅरिबियन पार्लरमध्ये नेऊन तेल कुठलं, कंगवा कुठला, वेण्या कशा घालायच्या हे शिकवलं. म्हणजे घर जुळलं नव्हतं, पण जुळवून घ्यायला शिकवणारं माणूस पगारावर होतं. आपल्याकडं ते माणूस कुठंय?

अजून एक, इथं १८ झाल्यावर दोघांची तयारी असेल तर त्याच फॉस्टर घरी २१ पर्यंत राहता येतं.

भावा_थांब
पगारावरचं माणूस म्हणे 😂 आपल्याकडं आहे त्या माणसाच्या डोक्यावर अख्खा तालुका असतोय.

काळा_कोट
भावनेचं झालं असेल तर जरा कागदाचं बोलू, कारण १८ नंतर पोरांचा गळा तिथंच आवळला जातो. मिश्र म्हणजे आपल्याकडं बहुतेक वेळा आंतरजातीय नाहीतर आंतरधर्मीय. जात प्रमाणपत्र आणि नंतर पडताळणी करायला गेलं की वडिलांकडचे पुरावे मागतात, एससीला १९५० च्या आधीचे, भटक्या विमुक्तांना १९६१, ओबीसीला १९६७. ज्या पोराचा चुलता फोन उचलत नाही त्यानं आजोबांचा शाळेचा दाखला कुठनं आणायचा? सुप्रीम कोर्टानं २०१२ ला रमेशभाई नाईका प्रकरणात सांगितलंय की आंतरजातीय लग्नातल्या मुलाला बापाचीच जात लागते असं गृहीत धरता येतं पण ते अंतिम नाही, आईच्या एससी-एसटी समाजात वाढलो, तोच त्रास भोगला, हे मूल पुराव्यानं दाखवू शकतं. निकाल चांगला आहे. पण जे पोरगं बालगृहात वाढलं ते कुठल्या समाजात वाढलं म्हणून दाखवणार?

दुसरं दार म्हणजे अनाथांचं १ टक्का आरक्षण, आपल्या राज्यानं २०१८ ला आणलं. त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि आई कुठंतरी जिवंत आहे, बाप जेलमध्ये आहे अशा पोराला ते मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणजे हे पोरगं जातीच्या रांगेत पण अर्धं आणि अनाथांच्या रांगेत पण अर्धं. त्यामुळं कुठल्या घरात ठेवायचं यावर जरूर भांडा, पण ठेवलं त्याच दिवशी आईचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, दोन्हीकडच्या एकेका नातेवाईकाचा पत्ता फाईलला लावून घ्या. दहा वर्षांनी तो माग सापडत नाही, ते गाव सोडून गेलेले असतात.

अर्धाकच्चा
रोज वाचतो, लिहीत नाही. मी संस्थेत वाढलोय, जिल्हा सांगत नाही. आई मुस्लिम, मिरजेकडची, वडील हिंदू. आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मी आणि बहीण दोघं आत.

तुम्ही घर जुळतंय का नाही यावर बोलताय, आम्हाला घर मिळालंच नाही त्यामुळं त्यावर माझं काही मत नाही. पण काय पाहिजे होतं ते सांगू शकतो. पहिली गोष्ट बहीण. मुलांची संस्था वेगळी मुलींची वेगळी, त्यामुळं पहिल्याच दिवशी आमची ताटातूट झाली. दुसरी गोष्ट आमची नानी. ती भेटायला यायची, गेटवर तिचं आधार बघायचे आणि माझ्या फाईलमधलं नाव बघायचे, आणि विचारायचे तुम्ही ह्याच्या कोण? प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी तेच. म्हातारी बुरख्यात, हातात डब्बा, आणि सगळ्यांसमोर माझ्या आईच्या लग्नाची गोष्ट सांगायला लागायची तिला. एकदा शेजारणीला घेऊन आली, त्यानंतर आलीच नाही. कोणी अडवलं नाही तिला, कायद्यानं भेट मंजूर होती. नुसतं विचारून विचारून दमवलं.

बाहेर पडल्यावर खोली बघायला गेलो की घरमालक पूर्ण नाव विचारतो. वडिलांचं आडनाव सांगितलं की लगेच 'कुठले, कुणाच्यातले?' खरं सांगितलं की खोली आधीच गेलेली असते. खोटं सांगायला मी पण शिकलोय. आणि @पेठेतला दादा, राग मानू नका, पण ज्यांनी खोली नाकारली त्यांच्या हॉलमध्ये पण शाहू महाराजांचा फोटो होता.

पेठेतला
नाही राग नाही भावा. खोलीचं अजून अडलं असेल तर मेसेज कर, आमच्या वरच्या मजल्यावर एक आहे.

रंकाळावेस
सगळ्यांचं वाचलं. माझं मत तरी हलत नाही, जुळणारं घर मिळेपर्यंत थांबवून ठेवणं चूकच, थांबायचं म्हणजे संस्थेतच थांबायचं असतंय. पण काकू म्हणतात तसा खाण्या-भाषेचा कागद आणि वकीलसाहेब म्हणतात ती फाईल, हे घर देतानाच सक्तीचं करा, त्याला माझी ना नाही. ४००० रुपयांत ओडिया मास्तर लावता येत नाही हे पण लक्षात घ्या.

सदरबाजारवाली
मास्तर नको, रविवार पाहिजे. काकूंच्या गल्लीत आहे तसा. आणि माझं पण मत तेच, अट राहू दे, तिच्या नावाखाली पोरं अडकवून ठेवू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये मुलाचं म्हणणं ऐकायचं आहे आणि कलम ४४ मध्ये भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची आहेत. अकरा-बारा वर्षांच्या पोराला तुला कोणाला भेटायचं असतं एवढं विचारलं तरी अर्ध्या गोष्टी कळतात. नानीला गेटवर अडकवायची गरज नव्हती, फाईलवर एक ओळ लिहिली असती 'आईची आई, भेटीस परवानगी' की झालं.

भावा_थांब
@अर्धाकच्चा बहीण कुठं असती आता?

अर्धाकच्चा
पुण्यात, नर्सिंग करतीय. माझ्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, तिचं तिसरंच, त्यामुळं दोघांचं गॅझेट करायचं, म्हणजे सरकारी राजपत्रात नाव बदलून घ्यायचं चाललंय. ती म्हणती आईचं नाव मध्ये लावू, मी म्हणतो आडनावच काढून टाकू, खोली बघायला बरं पडेल. गेल्या रविवारी यावरनं फोन आपटलाय तिनं. काळा कोट साहेब, दोघांनी वेगवेगळं लावलं तर पुढं भाऊ-बहीण म्हणून दाखवायला अडचण येती का?

काळा_कोट
येते. दोघांच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं एकसारखी आहेत का ते आधी बघ, आणि गॅझेटच्या आधी मला मेसेज कर.