नाकामागच्या घशाचा कॅन्सर : उपचार कुठे, तयारी काय?

सायली_क
मोठ्या दिरांना (४६) नेझोफॅरिंजियल कार्सिनोमा निघालाय. तंबाखू, दारू कशाचंच व्यसन नाही. बरेच दिवस डाव्या कानाला दडा बसला होता, थेंब घालणं चालू होतं. मग मानेत गाठ आली, न दुखणारी. आधी टीबीचा संशय, शेवटी नाकातून दुर्बीण घालून बायोप्सी. आम्ही सांगलीकडचे. इथले एक डॉक्टर गाठ ऑपरेशननं काढू म्हणतात. काय करावं?

पाणंद
ताई, ऑपरेशनला लगेच हो म्हणू नका. बाबांना हाच होता. मूळ गाठ नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी असते. तिथे शस्त्रक्रिया अवघड, आणि हा प्रकार रेडिएशनला चांगली दाद देतो. त्यामुळे मुख्य उपचार रेडिएशनच (आयएमआरटी, म्हणजे गाठीवर नेमका मारा करणारं रेडिएशन, आहे का विचारा). मानेत पसरला असेल तर बहुधा जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, कधी त्याआधी जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन ही केमोही देतात.

परळच्या टाटाला दाखवाच. नुसता रिपोर्ट नको, लॅबकडून बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड मागून घ्या, ते पुन्हा तपासतात. एमआरआयची सीडीही न्या.

आणि रेडिएशनच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा! किडलेले दात आधीच काढावे लागतात. नंतर काढले तर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. बाबांची लाळ आटली, भाकरी ताकात कुस्करल्याशिवाय घशाखाली उतरायची नाही. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचे, जमेल तशी एकेक वाढवायची. कंटाळायचे, पण आम्ही सोडू दिलं नाही.

रानजाई
वरच्याशी सहमत. सिस्प्लॅटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं, म्हणून आधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) आणि किडनीच्या तपासण्या. उपचारांनंतर थायरॉइडही तपासत राहा. नागालँडकडे हा कॅन्सर जास्त दिसतो, त्यात ईबीव्ही (एपस्टाइन-बार) विषाणूचा हात असतो. आपल्याकडे विरळ, म्हणून मोठ्या माणसाचा एकच कान दडला तरी नाकामागे बघायचं कुणाला सुचत नाही. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा.

सायली_क
मनापासून आभार. दातांचं कुणीच बोललं नव्हतं. ब्लॉक उद्याच मागते. कानात नळी टाकून पाणी काढू म्हणतात, ते करू द्यावं का?

पाणंद
रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नळी टाकल्यावर काहींचा कान वाहतच राहतो. पहिल्याच भेटीत विचारा, आणि भाऊजींच्या सोबत दोघं तरी जा.