.३२ बोअर स्वसंरक्षणाला पुरतं का? निडर, निर्भीक की अशनी?

हिंदमाता

वडिलांच्या नावावर हँडगनचा परवाना मंजूर झाला आहे. दादरला सराफी पेढी, राहणं त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. परवाना एनपीबीचा (नॉन-प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी नसलेल्या बोअरचा), त्यामुळे ९ मिमी आणि .३८ चा विषयच नाही. नजरेसमोर तीन आहेत: .२२ चं निडर रिव्हॉल्वर, .३२ चं रिव्हॉल्वर (निर्भीक किंवा कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नेहमीचं) आणि .३२ चं अशनी पिस्तूल.

वडील ६४ वर्षांचे, उजव्या अंगठ्यात संधिवात. हलकं म्हणून त्यांना निडर आवडलंय. मामा म्हणतात .३२ म्हणजे चिमण्या मारायची वस्तू, परवाना बदलून बारा बोअरची लांब बंदूक घ्या. जाणकारांनी सांगावं: .३२ ने माणूस थांबतो का? .२२ आणि .३२ मध्ये सांगण्यासारखा फरक आहे का? रिव्हॉल्वर घ्यावं की पिस्तूल?

"बंदूक कशाला, कुत्रा पाळा" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

पुंगळी

आधी आकडे, मग मामांकडे वळू.

.२२ एलआरची नेहमीची गोळी २.६ ग्रॅमची. रायफलच्या लांब नळीतून ती चांगली पळते, पण दोन इंची नळीतून सेकंदाला २६०-२७० मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा साधारण ९० जूल. .३२ पिस्तुलाची गोळी (७.६५ मिमी ब्राउनिंग, १८९९ पासूनचं काडतूस) ४.६ ग्रॅमची, २७५ मीटरच्या आसपास, १७५ जूल. .३२ रिव्हॉल्वरचं काडतूस वेगळं असतं, ते एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग: ६.३५ ग्रॅम, हळू, २१५ मीटर, १५० जूलच्या आत-बाहेर. ९ मिमी पॅराबेलम साडेचारशे जूलच्या वर. ही दोन .३२ काडतुसं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुकानात मागताना नुसतं ".३२ द्या" म्हणू नका, पिस्तुलाची की रिव्हॉल्वरची ते सांगा.

पण जूल बघून निर्णय घेऊ नका. हँडगनच्या गोळीने माणूस उडून वगैरे पडत नाही, ९ मिमीनेही नाही. थांबतो तो तीनच कारणांनी: मेंदू किंवा मणक्याला मार, रक्तस्रावाने दाब कोसळणं, किंवा घाबरून वा दुखून त्याने स्वतःच थांबणं. यातल्या दुसऱ्याला वेळ लागतो. हृदयाला गोळी लागली तरी माणूस दहा-पंधरा सेकंद हातपाय चालवू शकतो. तिसरं कारण बोअरवर अवलंबून नाही आणि त्यावर भरवसाही ठेवता येत नाही.

म्हणून गोळी किती आत जाते हे बघायचं. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीत ९ मिमीची एक पसरणारी गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. तो त्यानंतरही गोळीबार करत राहिला. पुढे एफबीआयने जिलेटिनमध्ये (मांसाऐवजी चाचणीला वापरतात तो ठोकळा) किमान १२ इंच, कमाल १८ इंच (३० ते ४५ सेंमी) हा निकष धरला. आपल्याकडची .३२ ची जॅकेटवाली (शिशावर कठीण धातूचं आवरण असलेली) गोळी पसरत नाही, सरळ जाते, त्यामुळे हा निकष ती गाठते, कधी ओलांडतेही. .२२ आखूड नळीतून जेमतेम गाठते आणि वाटेत हाड आलं की वळते. छिद्राचं क्षेत्रफळ बघा: .२२ चा व्यास ५.७ मिमी, .३२ चा ७.९. म्हणजे जवळपास दुप्पट. ९ मिमी आणि .३२ मधला फरक त्याहून कमी आहे, साधारण तीस टक्के.

तेव्हा .३२ पुरेसं, पण त्यात चुकीला जागा कमी. .२२ हे "काहीच नसण्यापेक्षा बरं" या खणातलं. मामांना सांगा, .३२ ने चिमणी मारली तर चिमणीचं काही उरणार नाही.

चापओढ

वरच्या आकड्यांशी सहमत. फक्त .२२ विरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा राहून गेलाय: ते पेटण्याची खात्री. .२२ मध्ये स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेत फिरवून भरलेलं असतं. एखाद्या जागी ते नीट पसरलं नसेल आणि पिन तिथेच पडली, की नुसतं "टक". .३२ मध्ये मधोमध स्वतंत्र प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी) असतो, तिथे हा प्रकार फार क्वचित. रेंजवर .२२ फुसकं निघालं तर नळी टार्गेटकडे धरून तीस सेकंद थांबायचं आणि मग काढायचं. पेढीत तेवढा वेळ कोण देणार?

निडर जेमतेम २५० ग्रॅमचं. हातात घेतलं की मोह होतो. पण वजन कमी, मूठ छोटी आणि दोन्ही साइटमधलं (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं) अंतर बोटभर. चाप जड आहे, तो ओढताना एवढं हलकं शस्त्र हातात हलतं आणि पाच मीटरवर गोळी वीतभर सरकते. त्यात .२२ ला नेम अचूक लागणं सगळ्यात जास्त गरजेचं. म्हणजे दोन्ही बाजूंनी तोटाच.

आता पिस्तूल की रिव्हॉल्वर. मी रिव्हॉल्वरच्या बाजूचा, आणि तुमच्या वडिलांसाठी तर ठामपणे. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पुढे येत नाही. ही अडचण हाताला झटका देऊन सुटत नाही, मॅगझिन काढून उपसावं लागतं. भरताना प्रत्येक काडतूस खालच्याच्या पुढच्या बाजूने सरकवत मागे न्यायचं आणि भरलेलं मॅगझिन तळहातावर पाठीकडून दोनदा आपटायचं, एवढं केलं तर सहसा होत नाही. आखूड गोळीच्या काडतुसांत हे जास्त होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची (केएफ) पूर्ण लांबीची जॅकेटवाली त्यातल्या त्यात बरी.

शिवाय स्लाइड ओढायला अंगठा आणि तर्जनीची पकड लागते. संधिवातात तीच आधी जाते. रिव्हॉल्वरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं.

पुंगळी

@चापओढ, पिस्तुलावर अन्याय होतोय. .३२ ला झटका कमी, त्यामुळे स्लाइडची स्प्रिंगही त्या मानाने सौम्य असते. आणि स्लाइड अंगठ्याने ओढायची नाही. चार बोटं वरून, तळहाताचा गुबगुबीत भाग दुसरीकडून, आणि पिस्तूलच पुढे ढकलायचं. साठीच्या पुढच्या माणसांनाही जमतं. उलट रिव्हॉल्वरचा डबल अ‍ॅक्शन चाप (घोडा चढवणं आणि पाडणं दोन्ही करणारा) प्रत्येक गोळीला जड. संधिवात तर्जनीपर्यंत आला तर तोच अडेल.

पण सहा महिन्यांतून एकदाच रेंजवर जाणार असतील, तर रिव्हॉल्वरच. पिस्तुलाला सराव जास्त लागतो, त्यात वाद नाही.

हिंदमाता

दोघांचे आभार. निडर बाद. वडिलांची तर्जनी अजून ठीक आहे. रिव्हॉल्वर घ्यायचं तर निर्भीक की जुनं मॉडेल? आणि दुकानात गेल्यावर नग तपासायचा कसा? काउंटरवर "सगळे सारखेच" असं उत्तर मिळतं.

चापओढ

सारखे नसतात. निर्भीक २०१४ मध्ये आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅम, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात. ते रोज कमरेला लावणाऱ्यासाठी. तुमचं शस्त्र गल्ल्याशेजारच्या लॉकबॉक्समध्ये राहणार, मग वजन कमी करण्यासाठी जास्त पैसे कशाला? जड शस्त्र हातात स्थिर राहतं. तीन इंच नळीचं पोलादी घ्या.

तपासणी अशी. दुकानदाराला विचारून, रिकामं असल्याची स्वतः खात्री करून:

चाप पूर्ण मागे ओढून धरा आणि सिलिंडर बोटांनी हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड नको. सिलिंडरच्या सहाही काडतूस-खाचांवर करा, एकीवर नाही. सिलिंडर जागेवर बसण्याआधीच घोडा पडत असेल तर तो नग परत, कारण त्यात गोळी नळीच्या तोंडावर घासून शिशाचे तुकडे बाजूने उडतात. मग सिलिंडर पुढे-मागे ढकलून बघा.

कानपूरचं रिव्हॉल्वर जुन्या वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्वरच्या धर्तीचं, वरची कडी दाबली की मधून मोडतं आणि सहा पुंगळ्या एकदम वर येतात. सगळं त्या कडीवर. बंद केल्यावर नळी पकडून वर-खाली जोर द्या. सांध्यात फट दिसली किंवा कट्ट आवाज आला तर दुसरा नग मागा. चाप ओढताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताण सारखा हवा, मध्येच अडखळ नको. शेवटी नळीतून उजेड बघा.

पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे ठेवून मोडायचं. तिरकं धरलं तर एखादी पुंगळी पुंगळ्या वर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाखाली घसरते आणि रिव्हॉल्वर बंदच होत नाही. न जळलेली बारूदही तिथेच साचते. दर सरावानंतर जुन्या टूथब्रशने ती जागा साफ.

खारा_वारा

मुंबईत शस्त्र वापरापेक्षा हवेने जास्त खराब होतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि पितळी पुंगळ्यांवर हिरवा थर चढतो, जूनमध्ये ठेवलेलं गणपतीपर्यंत गंजतं. उघडं, पातळ तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात. पुड्या महिन्याने तापवून पुन्हा वापरता येतात.

तेल शस्त्राला, काडतुसांना नाही. प्रायमरच्या कडेने तेल झिरपलं की काडतूस मरतं. सिलिंडर कोरडा पुसूनच भरा. भरलेली सहा काडतुसं दरवर्षी सरावात उडवून टाका आणि नवी भरा. सराव करताना आवाज फुसका आला आणि झटका लागला नाही, तर पुढची गोळी अजिबात नको. गोळी नळीत अडकलेली असू शकते. थांबा, रिकामं करा, नळी बघा.

कलम_४४

बोअरचं झालं. कायद्याचं बघा, कारण पेढीसाठी तेच जड जाणार आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, स्वसंरक्षण कलम ३४ ते ४४. जीव घेण्यापर्यंत हक्क कधी पोहोचतो ते शरीरासाठी कलम ३८, मालमत्तेसाठी ४१. जबरी चोरी ४१ मध्ये बसते, पण हा हक्क किती वेळ टिकतो ते ४३ मध्ये आहे: मारहाण, अडवणूक किंवा त्यांची तत्काळ भीती चालू असेपर्यंतच. लुटारू पिशवी घेऊन पळाला, पाठ फिरली, रस्ता ओलांडतोय, आणि तुम्ही दारातून गोळी झाडली, तर जबरी चोरीचा बचाव तिथे टिकवणं फार अवघड. सोन्याचा विमा असतो.

कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको. कलम ४४ जीवघेण्या हल्ल्याबद्दल आहे: निरपराध माणसाला धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल तर तो धोका पत्करता येतो. पण याचा अर्थ दादरच्या गर्दीकडे तोंड करून झाडायला मोकळीक, असा काढू नका.

परवाना वडिलांचा आहे. गल्ल्यावर बसलेल्या नोकराने किंवा तुम्ही ते उचलून वापरायचं नाही. दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर रिटेनर (परवानाधारकाच्या वतीने शस्त्र बाळगणारा) म्हणून त्याचं नाव परवान्यावर चढवून घ्या. आणि निवडणूक जाहीर झाली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. ते आठवडे पेढी शटर, अलार्म आणि कॅमेऱ्यावरच चालणार, म्हणून त्या खर्चात काटकसर नको.

गोळी झाडावी लागलीच तर ११२ ला फोन, शस्त्र सुरक्षित जागी, पुंगळ्यांना आणि सांडलेल्या कशाला हात नाही. पोलीस जप्त करून तपासणीला कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवतील. मोठ्या भावनेने लगेच पानभर जबाब देऊ नका. हल्ला झाला, जीव वाचवला, वकील येतोय, एवढं सांगा.

पुंगळी

@कलम_४४ यांच्या मुद्द्याला जोडून. जॅकेटवाली .३२ प्लायवूडचं पार्टिशन आणि जिप्समची भिंत सहज पार करते. पेढीत उभं राहून बघा: वडील बसतात तिथून दाराकडे रेघ ओढली तर मागे काय येतं? काच, फुटपाथ, माणसं. मग बसायची जागा किंवा काउंटर असं फिरवा की रेघ विटांच्या भिंतीवर संपेल. वरच्या घरातही शयनखोलीपासून मुख्य दारापर्यंत हेच करा. बारा बोअरचा विचार याच कारणासाठी सोडा. शिवाय एवढी लांब बंदूक गल्ल्याच्या फटीत फिरवणार कशी?

अंतराचंही बघा. अमेरिकन पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट दीड सेकंदात कापतो. तुमची पेढी दारापासून गल्ल्यापर्यंत २१ फूट असेल असं वाटत नाही. लॉकबॉक्स उघडून रिव्हॉल्वर हातात येईपर्यंत दीड सेकंद केव्हाच गेलेला असतो. दाराला आतून बटणाने उघडणारं कुलूप लावा, जो वेळ मिळेल तो त्यातूनच.

हिंदमाता

हे सगळं कामाचं. सराव किती आणि कसा?

चापओढ

घरी आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं, डमी काडतुसांवर. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, आधी आणि नंतर मोजून. भिंतीवर बशीएवढा कागद, चाप सरळ मागे, घोडा पडताना पुढची साइट हलता कामा नये. घोडा अंगठ्याने चढवायची सवय लावू देऊ नका. अंगठा दुखतो आणि घाबरल्यावर चढवलेला घोडा नको तेव्हा पडतो.

रेंजवर तीन महिन्यांतून एकदा तरी, वीस-पंचवीस गोळ्या. परवान्यावरचा काडतुसांचा आकडा बघून वर्षभराचं गणित आधीच मांडा आणि पुंगळ्या, पावत्या जपा. तीन मीटरवर सहापैकी सहा बशीत, मग पाच मीटर, मग उचलून चार सेकंदांत तीन. सात मीटरच्या पुढे तुम्हाला गरज नाही. कानाला मफ लावूनच. बंद खोलीत .३२ चा आवाजही १५० डेसिबलच्या पुढे जातो. संधिवाताच्या गोळ्यांनी गुंगी येत असेल तर त्या दिवशी सराव नाही.