प्रदर्शनासाठी हळदीत पुरून घेऊ का?

रंगारी (सांगली): माझ्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन आहे. मित्र म्हणतोय, मार्केट यार्डात हळदीच्या ढिगात मानेपर्यंत पुरून घे, रील चालेल. गेल्या वेळी निम्मे बघे घरचेच होते. करू का?

विश्रामबागकर: नाकात गेली की कळेल! स्पॅनिश चित्रकार दाली १९३६ साली लंडनात पाणबुड्याचा पोशाख घालून भाषणाला उभा राहिला, आतच गुदमरला. लोकांना वाटलं, नाटकच चाललंय.

मिरजकर: बँक्सी या निनावी चित्रकारानं २०१८ मध्ये लिलावात विकलेलं आपलं चित्र तिथंच अर्धं फाडलं. २०२१ मध्ये तेच १.८५ कोटी पौंडांवर गेलं. पण भावा, फाडण्याआधीच ते दहा लाख पौंडांवर विकलं होतं. तुला ओळखतंय कोण?

रंगारी: तेही खरंच. वर व्यापारी हळदीचे पैसे मागणार.

विश्रामबागकर: गणपती मंदिराबाहेर बस, लोकांची रेखाचित्रं काढून दे. मागं प्रदर्शनाचा पत्ता लिही.