फोनवर मिळालेला गतिरोधक

आंगडकर: काल इथे कुणीतरी लिहिलं होतं, 'वाड्यातून गाड्या सुसाट जातात म्हणून रडत बसू नका, नगरसेवकाला फोन लावा, दोन दिवसांत गतिरोधक. लोकांनाच आळस.' वाचून डोकं फिरलं. असा फोनवरचा गतिरोधक आमच्या म्हापशातल्या रस्त्यावर आहे. रात्री टेंपो आला, उरलेलं डांबर ओतून गेला. ना रंग, ना फलक. पहिल्याच पावसात पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल आडवी, पाव गटारात. स्कूटरवाले कडेच्या फटीतून वेग न उतरवता जातात, ते वेगळंच.

इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने गाडी न आपटता जाते. ४० मीटर आधी फलक. आमचं टेंगूळ हातभर रुंद!

नीट गतिरोधक हवा तर आधी रस्ता नगरपालिकेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा ते काढा. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज तिथेच कुजतो. मग सगळ्या वाड्याच्या सह्या, कुठल्या वळणावर किती वाजता गाड्या सुटतात त्याची नोंद, वाहतूक पोलिसांना प्रत. अभियंत्याला ट्यूशन सुटायच्या वेळी प्रत्यक्ष उभा करा. पक्कं काम करण्याआधी महिनाभर रस्त्यावर वाहतुकीचे शंकू ठेवून बघा. वळणाचा कोपरा रस्त्यात पुढे आणून रस्ता अरुंद केला तर टेंगूळ न घालताही वेग उतरतो.

सांतिनेजकर: तो 'कुणीतरी' मीच, नाव घ्यायला लाज कसली? महिनाभर शंकू! दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंगणात कुंड्या होतील त्यांच्या. तुमच्या सह्या होईपर्यंत पोर चिरडलं तर जबाबदार कोण? आमच्या गल्लीत फोनवर झालं आणि वेग उतरला.

पर्वरीची सून: उतरला, आणि पाठी मोडल्या! सासूबाईंना बांबोळीच्या इस्पितळात नेताना असल्या प्रत्येक उंचवट्यावर त्या कण्हत होत्या. रुग्णवाहिकेतून एकदा जाऊन बघा, मग बोला. आणि नगरपालिका, नगरपालिका काय? आम्हा पंचायतवाल्यांना ग्रामसभेतच उठावं लागतं, तिथे माइक मिळाला तर.

मळ्याचा: मूळ रोग कुणी बोलत नाही. काळी पाटी, पिवळी अक्षरं. भाड्याची गाडी घेतात, नकाशा सांगेल तिकडे आमच्या बोळात घुसतात, घराच्या दारात आडवी लावून फोटो काढतात. गतिरोधक गेला खड्ड्यात, आधी ह्या गाड्या बंद करा.

राजू_रेंट: पाटीवरून वेग कळतो का रे तुला? माझी पोटाची भाकरी आहे ती. आमच्या वाड्यात सायलेन्सर काढून बुलेट फिरवणारा आपल्याच पंचाचा भाचा. त्याच्याबद्दल अक्षर नाही. पर्यटक तरी वाट शोधत हळू जातो.

मळ्याचा: हळू? माझ्या दारातल्या तुळशीवृंदावनाला धडकून गेला तो वाट शोधत होता वाटतं! भरपाई कोण देणार, तू?

राजू_रेंट: माझी गाडी होती का? उगाच सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस.

आंगडकर: दोघं भांडा, पण पाटी काळी असो की पांढरी, गाडीला अरुंद कोपरा सारखाच अडवतो. म्हणून तर म्हणतोय, रस्त्याचा आकार बदला. सूनबाईंचं मात्र बरोबर. रुग्णवाहिकेच्या वाटेवर उंचवटा मागताना आधी चालकाला विचारावं, हे माझ्या यादीत नव्हतं, घातलं.

सांतिनेजकर: वा, साहेबांनी काहीतरी मान्य केलं! बरं, मी आज टेप घेऊन बाहेर गेलो. आमचा उंचवटा तुमच्या ३.७ च्या पावपटही नाही. पण वेग उतरलाय, हे लिहून ठेवा.

आंगडकर: ठेवलं. आता तेच माप लिहून पणजी महानगरपालिकेला द्या, दुरुस्त करून मागा. आणि पांढरे पट्टे मारून घ्या, रात्री दिसत नसेल.

सांतिनेजकर: दिसत नाही. सह्या गोळा करायला तुम्ही येता का? गल्लीत चतुर्थीच्या वर्गणीवरून दोन गट पडलेत, माझ्या हातातला कागद अर्धी गल्ली वाचणारही नाही.

राजू_रेंट: मी येतो. स्कूटर माझीच, काळ्या पाटीची.