बॅडमिंटन रॅकेटचं गटिंग: ऑनलाइन करून मागवावं की दुकानात जावं?

शटलवेडा

सरळ मुद्द्यावर येतो. यापुढे मी पुण्यातल्या दुकानात गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा ओढून बसवणं, करणार नाही. नवी फ्रेम घेताना ऑनलाइनच करून मागवणार आणि तुटलं की कुरियरने पाठवणार.

आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाला आम्ही कोथरूडला डबल्स खेळतो. दोन-अडीच महिन्यांत माझं गटिंग तुटतं. दुकानात गेलं की काउंटरवरचे गृहस्थ मान वर न करता विचारणार, "किती?" म्हणजे तारांचा ताण किती. मी म्हणणार, "२४ पौंड." ते चिठ्ठीवर फक्त आडनाव लिहिणार. आकडा त्यांच्या डोक्यात. परवा या. परवा हातात येणारी रॅकेट कधी टणटणीत, तर कधी बाजेसारखी सैल. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "खेळून बघा, बसेल." बसेल म्हणजे काय? सोफा आहे का तो?

गेल्या महिन्यात ८० ते ८५ ग्रॅमवाली फ्रेम ऑनलाइन घेतली. तार कुठली आणि ताण किती, दोन्ही तिथेच भरायचं. मी बीजी ८० आणि २५ टाकलं. पाचव्या दिवशी पार्सल आलं, आत चिठ्ठी: तार, ताण, तारीख. मोबाइलवर तारेच्या आवाजावरून ताण मोजणारं अॅप आहे, त्यात साडेतेवीस आलं. दुकानातून आणलेली जुनी रॅकेट मोजली तर २०! मी पैसे २४ चे दिले होते.

टिळकरोडकर

ताणाचे पैसे नसतात, तारेचे आणि मजुरीचे असतात. २४ काय आणि २० काय, दर तोच.

दुसरं, ज्या खेळाला इंग्रज 'पूना' म्हणायचे, ज्याचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात इथल्या लष्करी छावणीत बसवले, त्या खेळाची रॅकेट ताणून घ्यायला तुम्ही परगावी पाठवणार. धन्य आहे.

मी एकाच दुकानात अकरा वर्षं जातोय. २४ सांगतो, २४ मिळतं. मध्ये एकदा त्यांनी रॅकेट परत दिली. म्हणाले, घड्याळात दहा वाजतात त्या जागी फ्रेमला केसाएवढी चीर आहे, ताणली तर मोडेल. मला ती चष्मा लावूनही दिसली नव्हती. पार्सलमधून कोण सांगणार होतं?

शटलवेडा

काका, ऑनलाइनवालेही फोटो काढून पाठवतात. आणि २४ मिळतं हे तुम्ही कशावरून म्हणता? कधी मोजलंत?

टिळकरोडकर

हातात घेतल्यावर कळतं.

निळी_स्कूटी

मुलगी पंधरा वर्षांखालच्या गटात खेळते, म्हणून बोलते. तुमचं कुरियर मला बिनकामाचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी बालेवाडीत सराव करताना गटिंग जातं आणि शनिवारी सकाळी नऊला पहिली मॅच असते. दोन रॅकेट असल्या तरी दुसरीचंही त्याच दिवशी जाणार, हा आमच्या घरचा नियम आहे.

पण 'आपलं दुकान' म्हणून हळवं व्हायचीही माझी तयारी नाही. एका दुकानात (नाव घेत नाही) २६ ने ताणून घेतलं. रॅकेट परत आली ती अंडाकृती. त्यांच्या मशीनवर फ्रेम फक्त वर आणि खाली धरली जायची, बाजूंना आधारच नाही. उभ्या तारा आधी ओढल्या जातात, तेव्हा सगळा भार त्या दोन टोकांवर येतो. फ्रेम सहा ठिकाणी धरणारं मशीन असतं, हे मला नंतर कळलं. आता काउंटरवर काही बोलायच्या आधी मी मान वाकडी करून आतलं मशीन बघते. लोकांना विचित्र वाटतं, वाटू दे.

सध्या शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा घरीच गटिंग करतो, त्याच्याकडे देते. रात्री दहालाही करून देतो.

चारगाठी

मी तो मुलगा नाही, पण माझाही घरीच हा धंदा आहे.

शटलवेडा, तुमच्या दुकानदाराने कदाचित खरंच २४ लावलं असेल. हाताने फिरवायच्या मशीनमध्ये चकती २४ वर ठेवली की तेवढा ताण आल्याबरोबर मशीन लॉक होतं. त्यानंतर चिमटा लावेपर्यंत तार स्वतःहून थोडी लांबते आणि ताण उतरतो. इलेक्ट्रॉनिक मशीन त्या वेळात ओढतच राहतं. वजनाच्या दांड्यावालंही तसंच, फक्त हळू. त्यामुळे एका मशीनवरचं २४ दुसऱ्यावरच्या २४ पेक्षा सैल लागतं. कोणी फसवलं असं नाही. शिवाय आडव्या तारा उभ्यांपेक्षा साधारण दोन पौंड जास्त ओढायच्या असतात. काही जण सगळ्या एकाच आकड्यावर ओढतात, काही वाढवतात आणि सांगत नाहीत.

आता तुमचं अॅप. त्यात तारेची जाडी बरोबर टाकलीत का? बीजी ८० ची ०.६८ मिमी, बीजी ६५ ची ०.७०. जुन्या रॅकेटला कुठली होती? आणि ती दुकानातून आणल्यावर किती दिवसांनी मोजलीत? नायलॉनची तार पहिल्या एक-दोन दिवसांतच उतरते, पुढेही उतरत राहते. दोन महिने स्मॅश खाल्लेली रॅकेट आणि कोरी रॅकेट शेजारी ठेवून निकाल देताय तुम्ही.

(विषय निघालाच आहे तर: एक तार तुटली की बाकीच्या लगेच कापा, मधूनच. लोक आठवडाभर तशीच किटमध्ये ठेवतात. एकीकडे ताण, एकीकडे नाही, फ्रेम पिळली जाते. मग खापर आमच्यावर.)

शटलवेडा

बीजी ६५ होती. जाडी बदलली नव्हती. आणि हो, सहा आठवड्यांनी मोजली. बरं, २० चा आकडा मागे घेतो.

पण मुद्दा सोडत नाही. तुम्ही म्हणताय की मशीन आणि हात ओळखीचे हवेत. मान्य. मग तो हात गणपतीत गावाला गेला की मी काय करायचं? चिठ्ठीवर मशीन, तार, ताण, तारीख लिहिलेली असेल तर दुसऱ्या कुणाला सांगता तरी येतं. एवढं लिहायला दुकानदारांचा पेन का चालत नाही?

मुठा_ते_डेन्व्हर

मी सिंहगड रोडला असतो, मुलगा डेन्व्हरला. त्याच्याकडे हाच वाद स्कीवरून झाला. बूट ज्यात अडकतात ती बाइंडिंगं ऑनलाइन बसवून मागवायची की गावातल्या दुकानात. बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये टाचेजवळ छापलेली असते, ती कळवली की ते त्या मापाने स्कीला भोकं पाडून पाठवतात. स्वस्त पडतं. पण पडल्यावर बूट किती जोराने सुटावा हे वजन, उंची, वय आणि खेळण्याची पद्धत बघून ठरवायचं, आणि तुमचा बूट प्रत्यक्ष आत घालून तपासायचं. वेळेवर सुटला नाही तर पाय मोडतो, उगाच सुटला तर उतारावर आपटता. म्हणून त्याने स्की दुकानात नेल्या. आणि भोक एकदा पडलं की पडलं.

तुमचं काय, कात्री मारली की पाटी कोरी. बिनधास्त ऑनलाइन करा. बिघडून बिघडून पाच-सहाशे रुपये बिघडतील.

निळी_स्कूटी

पाच-सहाशेच नाही हो काका, वाकडी झालेली फ्रेम पाच हजारांची होती.

मुठा_ते_डेन्व्हर

मग तुमच्यापुरतं विधान मागे.

टिळकरोडकर

आज मुद्दाम दुकानात जाऊन आलो. शटलवेड्यांच्या समाधानासाठी म्हटलं, "चिठ्ठीवर आकडा लिहा." त्यांनी प्रथमच मान वर केली. लिहिलं: २२.

म्हटलं, "अहो, २४."

तर म्हणाले, "तुम्ही अकरा वर्षं २४ सांगताय, मी अकरा वर्षं २२ लावतोय. पहिल्याच वेळी तुम्ही खांदा दुखतो म्हणाला होतात."

खांदा शाबूत आहे, एवढंच नमूद करतो.

शटलवेडा

काका!!! पहिल्या परिच्छेदापासून मी दुसरं काय सांगतोय?

टिळकरोडकर

तुम्ही म्हणत होतात हातात घेतल्यावर सैल लागते. मला टणटणीत लागते.